मार खायची नोकरी

वन्सं दार तोडायच्या तेव्हा ओरडायच्या नाहीत. दोन पावलं मागे सरायच्या, खाकी शर्टाची बाही वर सारायच्या आणि खांद्याने असा धक्का द्यायच्या की कडी स्क्रूसकट उखडून पलीकडच्या भिंतीवर आपटायची. मग आत शिरून कोंडून घेतलेल्या पोरीला दंडाला धरून उठवायच्या, दोन शिव्या हासडायच्या आणि तिला छातीशी धरून तिथेच फरशीवर बसायच्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहावर त्या पहारेकरी होत्या आणि मी त्याच इमारतीच्या तळघरातल्या धुलाईखोलीत कामाला. माझा नवरा वारल्यावर आम्ही दोघी मागच्या आवारातल्या एका खोलीत राहायला लागलो. नणंद-भावजय एका खोलीत म्हटल्यावर सगळे तमाशाची वाट बघत होते. तमाशा झालाही, पण दार लावून.

मुली त्यांना फौजदारमावशी म्हणायच्या. नाव शोभायचं. तरुणपणी त्या गोदामात पोती उचलायच्या, तेव्हापासून खांदे पुरुषासारखे आणि मान जराशी एका बाजूला. लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा पट्टा उगारला, तेव्हा तो पट्टा हिसकावून वन्संनी त्याला पळता भुई थोडी केली, आणि त्याच संध्याकाळी भावाच्या दारात येऊन मला म्हणाल्या, "मी आलेय. चहा टाक." मी मेली पुढचं वर्षभर समजत होते की ही बाई दोन दिवसांची पाहुणी आहे.

वसतिगृहात दरवर्षी नव्या पोरी यायच्या. आईबाप गादी, बादली, टेबललॅम्प उतरवून द्यायचे, फाटकाशी डोळे पुसायचे आणि निघून जायचे. पहिले काही दिवस नुसतं हसणं-खिदळणं. मग एकेकीचं बिनसायला लागायचं. घरी वर्गात पहिली येणारी पोर इथे शेवटच्या बाकावर बसायची. कुणाला झोप येत नसे, कुणी झोपेतून उठतच नसे. मग एके दिवशी कुणीतरी खोलीतल्या मैत्रिणीचे केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटायची, का, तर हिने दिवा बंद केला नाही म्हणून. जिन्यात चावाचावी व्हायची. बाथरूमच्या आरशावर मूठ मारून घेतलेल्या पोरीचा टॉवेल माझ्याकडे यायचा, तो कितीही उकळला तरी पुन्हा पांढरा होत नसे. आणि एवढ्या सगळ्यांसाठी विद्यापीठात समुपदेशक एकच. तिला सगळे डॉक्टरताई म्हणायचे. बाई चांगली होती, पण एकटी काय काय करणार! तिच्या दाराबाहेर एक क्लार्क बसायचा, आणि तो सगळ्यांना पुढची तारीख द्यायचा.

एका वर्षी एक दार उशिरा तुटलं. ती पोर त्या क्लार्ककडे जाऊन आली होती. "परीक्षेनंतर या," असं त्याने सांगितलं होतं. परीक्षेपर्यंत ती राहिली नाही. वन्संनी तिला दोन्ही हातांवर उचलून वरच्या मजल्यावरून खाली आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. रुग्णवाहिका गेली तशा त्या आवार ओलांडून समुपदेशन कक्षात गेल्या आणि क्लार्कच्या कानाखाली असा जाळ काढला की तो खुर्चीसकट उलथला. लोकांनी ओढलं तेव्हा त्यांच्या मुठीत त्याच्या शर्टाचा खिसा होता. महिनाभर घरी बसवलं त्यांना. तो महिना मी विसरणार नाही. भिंतीकडे तोंड करून बसायच्या, आणि मी जेवायला वाढलं की ताट माझ्याच अंगावर यायचं.

त्या पोरीनंतर विद्यापीठाला जाग आली. जाग म्हणजे काय, एक नियम आला. ज्या विद्यार्थ्याच्या हातून हिंसक प्रकार घडेल, किंवा ज्याच्यावर घडेल, त्याला त्याच दिवशी डॉक्टरताईसमोर न्यायचं. तारीख नाही, रांग नाही. बाकीच्यांची रांग होती तशीच. ती उलट वाढली, कारण डॉक्टरताईचा सगळा वेळ आता मारामाऱ्यांतच जाऊ लागला. असला नियम करणाऱ्याला एकदा माझ्या धुलाईयंत्रात घालून फिरवायला हवा होता.

पोरी हुशार. त्यांना काय समजायचं ते समजलं. ज्यांना रडून भेट मिळत नव्हती त्या काचा फोडायला लागल्या. जेवणघरातले ग्लास फुटले, खिडक्या फुटल्या, व्हरांड्यातली पाण्याची टाकी एकीने खुर्ची घालून फोडली आणि भिजलेल्या कपड्यांनी निमूट डॉक्टरताईकडे निघाली. मग वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी खिडक्यांना जाळ्या बसवल्या, ताटं-वाट्या प्लॅस्टिकच्या आणल्या आणि जाहीर केलं की वस्तू फोडणं ही नासधूस, हिंसा नव्हे. माणसाला मारलं तरच हिंसा. रेक्टरबाईंचं डोकं हिशोबी. मोडतोड थांबली म्हणून त्या खूश होत्या.

त्यानंतर वन्संनी जे सुरू केलं ते डोकं ठिकाणावर असलेल्या बाईने केलं नसतं. एखादी पोर फारच उतरलेली दिसली की त्या तिला खाली माझ्या धुलाईखोलीत घेऊन यायच्या, यंत्र सुरू करायला सांगायच्या आणि तिच्यासमोर उभं राहून म्हणायच्या, "मार."

"मावशी, असं कसं मारू?"

"हात उचल आणि मार. उद्यापर्यंत माझा गाल लाल राहिला पाहिजे. चापट मारलीस तर पुन्हा मारायला लावीन."

मारून झालं की पोर हमखास रडायची, आणि वन्सं तिला दंडाला धरून रेक्टरबाईंसमोर उभी करायच्या. "हिने माझ्यावर हात टाकला." रेक्टरबाई गालावरचा वळ बघत, पोरीलाही विचारत, म्हणून मार खराच लागे. तासाभरात पोर डॉक्टरताईच्या खुर्चीत. काही जणींनी नुसती थप्पड मारली, काही जणींना मारता मारता थांबताच आलं नाही. एकीने बोचकारून मानेची सालटी काढली. एकीने पोटात गुडघा घातला, तेव्हा वन्सं दोन दिवस वाकून चालत होत्या. मी तेल लावता लावता भडकायचे.

"तुमचं अंग काय पायपुसणं आहे का? येईल तिने पाय पुसून जावं?"

"हळू चोळ गं. जीव घेशील."

"जीव त्या घेतील एक दिवस! मग मी काय करू एकटीने?"

"झोप सुखाने. मी घोरते म्हणून तक्रार असते ना तुझी?"

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. डॉक्टरताईला सगळं ठाऊक होतं असं मला वाटतं. फाटकातून जाताना ती वन्संच्या गालाकडे बघायची आणि मान खाली घालायची. पण ती बोलली असती तर तेवढंही दार बंद झालं असतं.

आणि मग पेन्सिल आली. पहिल्या वर्षाची, अठराही पूर्ण नव्हती. इतकी किडकिडीत की मुलींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. कपडे धुवायच्या निमित्ताने यायची आणि कपडे न आणताच कपडे वाळवायच्या यंत्राला पाठ लावून बसायची, तिथे ऊब असते म्हणून. मी विचारलं, वर्ग नाही का? तर नुसतं हसायची. महिन्याभरात हसणंही गेलं. तिचा एकच सदरा दिसायला लागला, कॉलर काळी पडलेला. मी ओरडून काढून घेतला आणि धुतला, तर तेवढा वेळ ती टॉवेल गुंडाळून बसून राहिली, थंडीची जाणीव नसल्यासारखी.

एका सकाळी ती आपला स्वेटर घेऊन आली. चांगला, हाताने विणलेला. "काकू, हा तुम्ही ठेवा. मला नको आता." त्याच सकाळी तिने खोलीतल्या मैत्रिणीला घड्याळ दिलं होतं आणि शेजारच्या खोलीत आपलं पांघरूण. मी वन्संना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती आधीची पोर, दार उशिरा तुटलं ती, तिनेही शेवटच्या दोन दिवसांत सगळं वाटून टाकलं होतं.

वन्सं आधी सरळ मार्गानेच गेल्या, हे मी मुद्दाम सांगते. क्लार्कने त्यांना बघून खुर्ची मागे सरकवली आणि पुढच्या सत्रातली तारीख सांगितली. डॉक्टरताई मारामारीतल्या पोरांमध्ये अडकलेली. गावातल्या मोठ्या दवाखान्यात पेन्सिलला घेऊन गेल्या, तर तिथे म्हणाले, वय कमी आहे, बापाची संमती आणा. बापाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आमच्या घरात वेडं कुणी नाही. अभ्यास टाळायची नाटकं आहेत. पुन्हा फोन करू नका." पेन्सिलनेही ते ऐकलं. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

दुपारी वन्सं तिला धुलाईखोलीत घेऊन आल्या. "यंत्र लाव," मला म्हणाल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "मार."

पेन्सिलने हात उचललाही नाही. "मला नाही जमत, मावशी."

"एकच. डोळे मीट आणि मार."

"नको ना. तुम्ही चांगल्या आहात."

वन्संनी तिचा हात धरून स्वतःच्या गालावर आपटला. हात मेलेला. सोडला की खाली पडायचा. वन्संनी तिला ढकललं, ती इस्त्रीच्या टेबलावर आदळली आणि "सॉरी" म्हणाली. जी पोर ढकललं तरी स्वतःच सॉरी म्हणते, तिच्याकडून मार कसा खाणार? वन्संच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या तोंडाला येईल ते बोलायला लागल्या. भित्री, रडकी, ऐतखाऊ. मग म्हणाल्या, "बाप बरोबर बोलला तुझा. नाटकी आहेस तू." तरी काही नाही. मी म्हटलं, "वन्सं, पुरे." त्यांनी ऐकलं नाही.

"गेलीस तर कोण रडणार आहे गं तुझ्यासाठी? खोली रिकामी होईल. दुसरी येईल. आठ दिवसांत नावसुद्धा आठवणार नाही कुणाला."

हे बोलायला नको होतं. तेच तर ती पोर महिनाभर स्वतःला सांगत असणार. चिथवायला म्हणून त्यांनी अंधारात हात घातला आणि नेमकं तेच वर काढलं. पेन्सिलने टेबलावरची इस्त्री उचलली. जुनी, वजनदार इस्त्री, बरं झालं की गार होती. एवढ्याशा मनगटात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. पहिला घाव वन्संच्या डोळ्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज यंत्राच्या घरघरीतही ऐकू आला. वन्सं गुडघ्यावर आल्या. दुसरा घाव त्याच जागी. तिसऱ्याला वन्संनी हात आडवा घातला आणि बोटं ठेचली गेली. पेन्सिल ओरडत होती, शब्द नव्हते, नुसता घशातला आवाज. धुतलेल्या चादरींच्या थप्पीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या.

मी तिच्यावर झडप घातली. हाताला जे लागलं ते धरलं, ती तिची मान होती. तिने माझ्या दंडाचा लचका तोडला, मी सोडली नाही. इस्त्री हिसकावून फेकली तर ती स्वतःचं कपाळ फरशीवर आपटायला लागली. शेवटी मी सगळ्या वजनासकट तिच्यावर बसले, ती माझ्याखाली फडफडत होती. मग एकदम सगळी ताकद गेली. बारीक आवाजात तिने विचारलं, "मावशी मेल्या का?"

"अजून नाही," वन्सं म्हणाल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या चेहऱ्यावर डोळा कुठे आणि जखम कुठे ते कळत नव्हतं. "रड आता. मोठ्याने रड."

आणि पेन्सिल रडली. असं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायचंही नाही.

आरडाओरडा ऐकून रेक्टरबाई दोन पहारेकऱ्यांसह खाली आल्या. रक्त बघून दारातच थांबल्या, आणि पहिला शब्द निघाला तो "पोलिस." थप्पड असती तर डॉक्टरताई. ही थप्पड नव्हती. इस्त्रीने माणसाचा डोळा फोडणाऱ्या पोरीला समुपदेशकाकडे नव्हे, ठाण्यात नेतात, तिथून सुधारगृहात. ती तिथे आठवडाभरही टिकली नसती. आणि वन्सं घसरून पडल्या असं सांगावं, तर काही घडलंच नाही असं झालं असतं, पेन्सिल आपल्या रिकाम्या खोलीत परत. एकीकडे आड आणि दुसरीकडे विहीर, आणि मधे ती पोर.

रेक्टरबाईंनी फोन काढला तेवढ्यात वन्सं बोलल्या. शब्द रक्तातून येत होते, पण स्पष्ट. "फोन ठेवा, बाई. मीच आधी मारलं तिला."

"काय?"

"गळा धरला होता मी तिचा. सोडत नव्हते. तिने जीव वाचवायला हाताला लागलं ते मारलं. मान बघा तिची."

रेक्टरबाई वाकल्या. पेन्सिलच्या मानेवर बोटांचे वळ लालभडक उठले होते. ती बोटं माझी होती. पेन्सिल मान हलवायला लागली, नाही, नाही म्हणायला लागली, पण तिच्या हुंदक्यांत ते कुणाला कळणार.

"का मारलंत?"

"डोकं फिरलं माझं. ते फिरतंच. क्लार्कला विचारा."

रेक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच होतात. हे खरं आहे?"

मी वन्संकडे बघितलं. एक डोळा शिल्लक होता, तो माझ्यावर रोखलेला. त्या डोळ्यात विनंती वगैरे काही नव्हती, सरळ हुकूम होता. "हो" म्हटलं की त्यांची नोकरी गेली, खोली गेली, आणि वसतिगृहातल्या पोरींच्या गळ्याला हात घालणारी बाई म्हणून नाव झालं. मला इतका संताप आला की ती इस्त्री उचलून आता मीच घालावी त्यांच्या डोक्यात. आयुष्यभर या बाईने मला न विचारता सगळं ठरवलं.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच आधी धरलं तिला."

मग सगळं भराभर झालं. आवारात कर्मचाऱ्याकडून मार खाल्लेली पोर म्हटल्यावर रेक्टरबाईंना दरदरून घाम फुटला. डॉक्टरताई स्वतः धावत आली. पेन्सिलने बंद दाराआड तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरताईने माझा हात घट्ट दाबला आणि कुणाशी काही बोलली नाही. मार खाल्लेल्या मुलीला दवाखान्यात हलवायला बापाची वाट बघावी लागत नव्हती. त्याच गाडीत पुढे पेन्सिल बसली आणि मागे वन्संना आडवं टाकलं. एकीला मनाच्या वॉर्डात नेलं, दुसरीला डोळ्याच्या. वन्संचा डोळा गेला. प्रकरण बाहेर जाऊ नये म्हणून विद्यापीठाने तक्रार केली नाही, नुसतं कामावरून काढलं आणि मागची खोली रिकामी करायला सांगितलं.

आम्ही सामान बाहेर काढत होतो त्या दिवशी पेन्सिलचा बाप आला. लेकीला दवाखान्यात भेटून सरळ इकडेच आलेला. साधा, इस्त्रीचे कपडे घातलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला माणूस. "ती पहारेकरीण कोण?" त्याने फाटकाशी विचारलं. वन्सं गादीची वळकटी खाली ठेवून पुढे झाल्या. "मी."

त्याने त्यांच्या मुस्काटात मारली. पट्टी बांधलेल्या बाजूला. वन्सं हेलपाटल्या, पट्टीवर लाल ठिपका उमटला. व्हरांड्यात मुली जमल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी याच गालावर हात उचलून स्वतःची सुटका करून घेतली होती. एक जण ओरडली, "काका, त्यांनी नाही..." वन्संनी मान वळवून तिच्याकडे एकदाच बघितलं. ती गप्प झाली.

"माझ्या लेकीने कधी मुंगी मारली नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटत होता. "तिचा गळा धरलास तू? तिचा? मी विश्वासाने ठेवली होती तिला इथे!" आणि त्याने पुन्हा मारलं.

मी पुढे झाले. त्याचा फोनवरचा एकेक शब्द मला पाठ होता, तो त्याच्या तोंडावर फेकायचा होता. नाटकं कोण म्हणालं होतं, विचारायचं होतं. वन्संनी न बघता हाताने मला मागे सारलं. मी त्यांचं ऐकलं, आणि ऐकलं म्हणून अजून चडफडते.

"चुकलं माझं, साहेब," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा हात वर गेला, पण त्याने तो मारला नाही. तो रडत होता. वन्सं तशाच उभ्या होत्या, ठेचलेली बोटं अंगाशी धरून.

"साहेब, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "जेवते का ती आता?"

असला प्रश्न या बाईने का विचारावा, हे त्याला कळेना. पण बाप होता, उत्तर तोंडातून आपोआप आलं.

"जेवते. आज दोनदा मागून घेतलं."

"मग झालं," वन्सं म्हणाल्या, आणि खाली वाकून गादीची वळकटी उचलायला लागल्या.